सुमनबाईंच्या गोष्टीचा शेवट

सुमनबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला पाठवत होतो. जुलैचा पहिला आठवडा होता. पंधरा ऑगस्टच्या पुस्तकांना शाळांकडून मागणी येते ती याच दिवसांत, आणि शाहूपुरीतल्या आमच्या लहानशा प्रकाशनाचं सगळ्यात जास्त खपणारं बालपुस्तक त्यांचंच. फोनवर त्यांचा भाचा होता. मावशी पहाटे झोपेतच गेली, म्हणाला. मी चार शब्द बोललो, फोन ठेवला... आणि समोरच्या कागदावर सही करून तो छापखान्यात पाठवला. ती सही आठवली की आजही कुणाच्या नजरेला नजर देववत नाही.

बाईंनी राधानगरीच्या वरच्या अंगाला एका दोनशिक्षकी शाळेत सगळी नोकरी काढली. बाराएक वर्षांपूर्वी त्या भिजलेली पिशवी घेऊन आमच्या कचेरीत आल्या. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही होती. वहीत एकच गोष्ट. पंधरा ऑगस्टला ओढ्याला पाणी येतं आणि पलीकडच्या वाडीतल्या तानीला शाळेत पोचता येत नाही. ती काठावरच ताठ उभी राहते आणि तिथून न दिसणाऱ्या झेंड्याला सलाम करते. दुसऱ्या दिवशी पाणी उतरतं, तानी शाळेत येते, तर बाईंनी तिच्या वाटणीची जिलेबी डब्यात झाकून ठेवलेली. एवढंच. त्यांच्या शाळेत घडलेलं.

गोष्ट मला आवडली होती, हे आधी कबूल करतो. पण एवढ्या आनंदाच्या दिवशी मुलगी मागं राहते आणि दुसऱ्या दिवशी शिळी जिलेबी खाते, असलं पुस्तक कुठली शाळा घेईल? मी बाईंना न विचारता शेवट बदलला. माझ्या शेवटात अलीकडची मुलं हातात हात गुंफून साखळी करतात, ओढ्यात उतरतात, तानीला अलीकडे आणतात आणि झेंडा तिच्याच हातून फडकतो. चित्रकाराकडून त्याचं दोन पानभर चित्र काढून घेतलं. बाई पानं तपासायला आल्या तेव्हा त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"सर, पोरं वाचतात तसं करून बघतात," त्या म्हणाल्या. "आमचा ओढा चित्रातल्यासारखा न्हाय."

मी हसलो. गोष्ट ही गोष्ट असते, मुलांना तेवढं कळतं, असं त्यांनाच समजावलं, तेही आयुष्यभर मुलांत राहिलेल्या बाईला. वर ती पानं छापूनही झाली आहेत, असं सांगितलं. ते खोटं होतं. अजून चार दिवस हातात होते. बाई "बरं" म्हणाल्या आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठल्या. पुढं कितीदा नवी गोष्ट मागितली, पण सुचत नाही म्हणायच्या. दर पंधरा ऑगस्टला सकाळी मी त्यांना फोन करायचो, तो त्या कधी उचलायच्या नाहीत. शाळेच्या कार्यक्रमात असतील, असं मी धरून चालायचो. निवृत्तीनंतरही त्या त्याच गावात राहिल्या होत्या...

यंदा पंधरा ऑगस्टला मला घरी बसवेना. भल्या सकाळी गाडी काढली आणि त्यांच्या गावी गेलो. शाळेत मुलांची धांदल चालली होती. ओढा कुठं आहे विचारून खाली उतरलो. पाणी लाल, फुगलेलं, आवाज करत चाललेलं. काठावर छत्री घेऊन एक तिशीतली बाई उभी होती. शाळा तिकडं वर हाय पावणं, म्हणाली. मी सुमनबाईंच्या ओळखीचा, एवढंच सांगितलं, तेव्हा ती बोलायला लागली.

पुस्तक शाळेत आलं त्याच वर्षी तीन पोरं हात धरून या पाण्यात उतरली होती. बाई धावत आल्या, कमरेएवढ्या पाण्यात शिरल्या आणि पोरांना ओढून बाहेर काढलं. तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला त्या उजाडल्यापासून इथं उभ्या असायच्या, पलीकडची शेवटची पोरं घरी परतेपर्यंत. पाऊस असो नसो, निवृत्तीनंतरसुद्धा. त्या दिवसाचं झेंडावंदन बाईंना पुन्हा कधी मिळालंच नाही.

"आता बाई न्हाईत, मग कुणीतरी थांबाय पायजे की," ती म्हणाली. "पुस्तकावर नाव त्यांचं हाय, पर ते साखळीचं त्यांनी न्हाय लिवलेलं. आमाला म्हाईत हाय."

कुणी लिहिलं ते सांगायच्या का, मी विचारलं.

"न्हाय. माझंच चुकलं म्हणायच्या. तवाच नको म्हणाय पायजे हुतं म्हणायच्या."

माझ्या सहीची ती नवी आवृत्ती त्या सकाळी जिल्ह्यातल्या किती शाळांत वाटली जात असेल, कोण जाणे. ते मी लिहिलं, असं मी तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चिडेल असं वाटलं होतं, पण ती चिडली नाही. छत्री मिटून माझ्या हातात दिली.

"मग थांबा हितं," ती म्हणाली. "माझं पोरगं दुसरीत हाय. त्याचं झेंडावंदन तेवढं बघून येते."

ती चढण चढून गेली. थोड्या वेळानं वरून राष्ट्रगीत सुरू झालं, पाण्याच्या आवाजात निम्मंअर्धं ऐकू येणारं. मी ताठ उभा राहिलो. झेंड्याकडे पाठ होती. ओढ्यावरची नजर मी काढली नाही.