मलमानं चिघळलेला पाय

तिसगावच्या बाजारपेठेमागच्या बोळात मुमताजभाबी शेख तीस वर्षं ब्लाउज शिवतात. ऐन लग्नसराईत दुकानाच्या पत्र्याच्या दाराची कड त्यांच्या उजव्या नडगीला लागली. जखम बोटभर लांब होती, फार खोल नव्हती. सुनेनं, रुमानानं, ती धुतली आणि समोरच्या गोरक्ष मेडिकलवाल्याकडून मलम आणलं.

"दिवसातून तीनदा लावा भाबी," गोरक्ष दुकानातूनच ओरडून म्हणाला. "घरोघर हेच चालतंय."

आठवडाभर ठीक गेलं. मग खाज सुटली. भोवती लाल चट्टा उठला, त्यावर साबुदाण्यासारखे बारीक फोड आले आणि त्यांतून पाणी झिरपायला लागलं.

"पानी लागलं आसंल," गोरक्षनं दुकानातूनच मान लांब करून पाहिलं. "मलम जरा जाड लावा."

जाड लावलं. चट्टा पोटरीकडे सरकला. पाय मशीनच्या पायट्यावर ठेवला की आग व्हायची, आणि टेबलावर नवरीकडच्या बायकांचे अकरा ब्लाउज नुसते कापून पडलेले.

शेजारच्या पुष्पावतीबाई दिवसातून दोनदा पाय बघायला यायच्या. "शुगर तपासा भाबी. जखम चिघळली म्हंजी शुगरच."

तपासली. नव्हती.

"एकदा तपासून कळत न्हाई. पुन्हा करा."

पुन्हा केली. नव्हती. मग पुष्पावतीबाईंनी वांगं बंद करायला सांगितलं. कुणी मासळी बंद करायला लावली, कुणी शेंगदाणे.

"मग मी खाऊ काय?" भाबी एकदा कात्री आपटून म्हणाल्या. "मलमच खाऊ का आता?"

पाथर्डीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर शिंपडायला पावडर दिली आणि मलम चालू ठेवायला सांगितलं. गोळ्यांनी पोट बिघडलं, पावडरीनं खाज दुप्पट झाली. त्या दिवशी भाबींचा तोल गेला. पट्टी बांधत असलेल्या रुमानाला त्या बोलून बसल्या, "हात धुतेस तरी का नीट? तुझ्या हातानंच हे वाढतंय."

रुमानानं पट्टीची गाठ मारली आणि ती आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती मलम लावण्याआधी साबण घेऊन भाबींच्या समोर बसायची, त्यांना दिसतील असे हात धुवायची. भाबींना ते बघवत नव्हतं, पण बोललेलं मागे घेताही येईना.

पंचविसाव्या दिवशी दोघी एसटीनं नगरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. ज्योती मॅडमनी पट्टी सोडली, पाय उजेडाकडे वळवला.

"याच्यावर काय काय लावता?"

रुमानानं पिशवीतून ट्यूब आणि पावडर काढली. मॅडमनी दोन्हींवरची बारीक अक्षरं वाचली.

"हे आजपासून बंद. जखम तर कधीच भरलीये. बघा, मलम जिथपर्यंत चोळलंय तिथपर्यंतच लाल आहे. यात निओमायसिन नावाचं औषध आहे, पावडरीतही तेच. काही जणांच्या कातडीला ते चालत नाही."

भाबींनी ट्यूब हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "म्हणजे पंचवीस दिवस आम्ही रोज, न चुकता, दुखणंच लावत होतो?"

"तुमचं काही चुकलं नाही. माहीत नसतं कुणाला."

"चुकलं नाही, मग भोगलं कुणी?" भाबी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज रागाचाच होता.

परतीच्या एसटीत करंजीचा घाट लागला. मग भाबी खिडकीकडे बघतच म्हणाल्या, "तुझ्या हाताला उगाच बोल लावला मी."

"लावलात," रुमाना म्हणाली. मग तिनं डब्यातली चपाती काढून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली.

मॅडमनी दिलेलं साधं क्रीम आणि मिठाच्या पाण्यानं धुणं, एवढ्यावर बारा दिवसांत पाय कोरडा झाला. काळा डाग तेवढा राहिला. नंतर मॅडमकडे पाठीला औषधांच्या पट्ट्या चिकटवून तपासणी झाली. निओमायसिनच्या जागी लालभडक चट्टा उठला, तेव्हा उरलीसुरली शंकाही संपली. तोवर तीन गिऱ्हाइकं कापलेलं कापड घेऊन दुसऱ्या शिंप्याकडे गेली होती.

भाबी तडक मेडिकलवर गेल्या. गोरक्ष म्हणाला, "पन भाबी, बाकी कुनालाच हुत न्हाई वो."

"मी माणसात नाही का? तुझ्या समोरच तर बसते. एकदा तरी म्हणालास, थांबवून बघा?"

गोरक्षनं ती ट्यूब पुढच्या फळीवरून उचलून मागे ठेवली.

पुढच्या महिन्यात मशीनची सुई भाबींच्या बोटात घुसली. आरोग्य केंद्रातल्या नर्सनं सवयीनं एक ट्यूब उघडली. भाबींनी हात मागे घेतला.

"आधी त्यावरचं वाचा, सिस्टर."

"अहो मावशी, साधं मलम आहे."

"साधंच असतं ते. निओमायसिन आहे का वाचा, मला ते चालत नाही."

नर्सनं कपाळाला आठ्या घालत ट्यूब डोळ्यांजवळ नेली, ओठ हलवत वाचलं आणि झाकण लावून टाकलं. मग बोट नुसतं पाण्यानं धुऊन तिनं कोरडी पट्टी बांधली.