पाचवा तास

रंजीता सुट्टी घेऊन गुडीहत्नूरजवळच्या आपल्या गावी आली आणि तीन दिवस तिने लॅपटॉपमधून डोकं वर काढलं नाही. ही कसली सुट्टी? चौथ्या दिवशी सकाळी तिची आई बयनाबाई दारातूनच ओरडली, "त्या डब्ब्यात पाहू पाहू डोये फुटतीन तुहे! चाल वावरात, निंदाले एक बाई कमी हाये."

"माय, चार वाजता माही शेवटची चाचणी हाये!"

"मंग चारले लय येळ हाये."

रंजीता हैदराबादच्या एका लहान कंपनीत आहे. या कंपनीला तीन उपग्रह जवळजवळ, एका रांगेत उडवायचे आहेत. कोण कोणापासून किती दूर, हे त्यांना उडता उडता, क्षणोक्षणी, स्वतःचं स्वतः कळायला हवं. ते सांगणारा प्रोग्राम रंजीताने चार महिने खपून लिहिला. आज तो पास झाला तर वर जाणार. नाही तर जुनीच रीत: माहिती खाली आणा, सावकाश गणित करा आणि तोवर उपग्रह एकमेकांपासून लांब ठेवा.

घोडं अडलं होतं एका विचित्र जागी. आकाशातून येणाऱ्या सिग्नलची एक लहर साधारण वीतभर लांब. लहरीच्या आत आपण नेमके कुठे, हे यंत्राला केसाइतकं बारीक कळतं. पण दोन उपग्रहांमधे पूर्ण लहरी किती, हे मोजावं लागतं. सिग्नल पळभर तुटला की मोजणी पहिल्यापासून. आणि तिथे एक लहर चुकली की अंतर वीतभर खोटं. रंजीताचा आकडा अधूनमधून असाच वीतभर उडी मारायचा. का, ते सापडत नव्हतं.

वैतागून ती वावरात गेली. कपाशीची एक ओळ म्हणजे एक तास. घड्याळाशी त्याचा काही संबंध नाही. बाया दोन-दोन तास धरून निंदत पुढे सरकत होत्या. डावीकडे बयनाबाई, मधे रंजीता, उजवीकडे शकुबाई. पाणी प्यायला उठलं की परतल्यावर बयनाबाई हाका घेते, म्हणजे कोण कोणापासून किती तासांवर हे ओरडून ताडून पाहते, कारण एखादा तास अर्धवट सुटला तर गवत सगळ्यांच्या नाकावर टिच्चून वाढतं.

"माह्यापासून रंजी दोन, शकू चार," ती ओरडली. "रंजे, तुह्यापासून शकू किती?"

"तीन!"

बाया खो खो हसल्या.

"दोन न् तीन पाच. शकू तं चारावरच बसली हाये. पाचवा तास हैदराबादहून आनला काय व?" बयनाबाईने विचारलं.

शकुबाई म्हणाली, "इंजिनेर हाये बाई पोरगी! सोताचा तासही मोजते."

रंजीता खुरपं हातात धरून उभीच राहिली. दोन आणि तीन वेगवेगळे विचारले तर दोन्ही खरे वाटतात. चार विचारला तेव्हा चोरी पकडली! आणि तिच्या प्रोग्राममधे पहिला-दुसरा होता, दुसरा-तिसरा होता, पहिला-तिसरा?

खुरपं टाकून ती धूम पळाली.

"अवं, कुठी चालली?"

"चार विचाराले!"

घरी येताच तिने अमरदीपला फोन लावला. तो मुधोळचा, तिच्याच कंपनीतला. हैदराबादच्या ऑफिसात टेबलावर तीन उपग्रहांचे तीन रिसीव्हर मांडून त्यांना यंत्राने बनवलेल्या सिग्नलचं खोटं आकाश दाखवत बसला होता.

"अमरदीप, पहिल्या-तिसऱ्याची जोडी आपन काऊन काढली?"

"आपन नाही, तू काढली. काम वाचते म्हने."

"मूर्ख होती मी. परत घाल. सिग्नल तुटला की तीनही जोड्या नव्यानं मोजाच्या, अन् बेरीज जुळेपर्यंत एकही आकडा खरा धराचा नाही. जो जुळत नाही तो फिरून मोजाचा."

प्रोग्रामच्या नव्या तीस ओळी. जेवण राहिलं, चहा गार झाला. चारला पाच मिनिटं असताना प्रोग्राम हैदराबादला पोचला.

"तोडतो," अमरदीप म्हणाला आणि त्याने मुद्दाम सिग्नल तोडला.

पडद्यावरचे आकडे गायब. एक सेकंद. दोन. तीन. रंजीताने ओढणीचं टोक दातात धरलं. सहाव्या सेकंदाला तिन्ही आकडे परत आले, जागच्या जागी! उडी नाही. पुन्हा तोडला. पुन्हा जागच्या जागी. अकरा वेळा तोडला आणि अकराही वेळा तेच. फोनवर अमरदीपच्या मागून कंपनीच्या साहेबांचा तेलुगू आवाज आला: "सरे, पंपिद्दाम!" म्हणजे, ठीक, पाठवू या!

रंजीता इतक्या जोरात किंचाळली की आळीतली कुत्री भुंकायला लागली.

"नाव काय लिहू या तपासणीले?" अमरदीपने विचारलं.

"हाक."

तेवढ्यात वावराकडून खरीच हाक आली. बयनाबाईचा आवाज, त्याला सिग्नल लागत नाही.

"रंजेऽऽ! तुहे दोन तास तसेच पडले हायेत!"

"आली, माय!" म्हणत ती उठली आणि जाता जाता तिथूनच ओरडली, "दोनच हायेत, यावेळी बरोबर मोजले!"