चॅपलकडे गेलेला नायक दत्ता

आमची कंपनी शांतिसेनेत, दक्षिण लेबनॉनला होती. माझ्या पोस्टवर आठ जवान. मी हवालदार, गाव ओतूर. नायक दत्ता बेल्ह्याचा. तालुका एक, म्हणून तो मला भाऊ म्हणायचा.

पोस्टपासून दीडशे मीटरवर एका खेड्याचं चॅपल, म्हणजे लहानसं चर्च होतं. त्यात रंगीत काचेची खिडकी, सातशे वर्षांची, असं गावकरी सांगायचे. खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ आणि मागे मेंढरं. सकाळी सातच्या पेट्रोलला आम्ही तिथं थांबायचो. मरियम नावाची म्हातारी ती काच फडक्याने पुसत असायची. दत्ता बैलबाजाराच्या गावचा. चित्रातल्या जनावराचीही पारख करायचा.

"मेंढरं झ्याक काढल्यात भाऊ. पर पाय चुकलं."

म्हातारीला त्यातलं काय कळायचं कोण जाणे. ती त्याच्या हातावर अंजीर ठेवायची.

गोळाबार वाढला तशी खिडकीला वाळूची पोती लावायची ऑर्डर आली. निम्मी खिडकी झाकली. पोती तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी १०.४० ला पहिला गोळा पडला. आम्ही बंकरमध्ये गेलो. दत्ता फटीतून बघत होता.

"म्हातारी चॅपलात शिरली, भाऊ."

मी रेडिओवर बाहेर पडायची परवानगी मागितली. उत्तर आलं, "वेट. आउट." म्हणजे थांबा, बोलणं बंद. चार मिनिटं थांबलो. दुसरा गोळा चॅपलच्या अंगणात पडला.

"जाऊ का?"

"जा," मी म्हणालो.

तो पळत आत शिरला आणि तिसरा गोळा पडला. खिडकीचा वरचा भाग आत कोसळला. मी पोचलो तेव्हा दत्ता म्हातारीच्या अंगावर पालथा होता. ती जिवंत होती. त्याच्या मानेत लोखंडाचा तुकडा घुसला होता. ११.३० ला हेलिकॉप्टर उतरलं. दत्ता त्याआधीच गेला होता.

चौकशीत विचारलं, "परवानगी कोणी दिली?" माझं प्रमोशन तोंडावर होतं. मी म्हणालो, "कोणी नाही. तो आपणहून गेला."

कागदावर आलं: विनापरवानगी पोस्ट सोडली. मी नायब सुभेदार झालो. खिडकी परदेशी कारागिरांनी जोडली. समारंभाचा फोटो आम्हाला आला. त्यात साहेब लोक होते, फुलं होती. दत्ताचं नाव कुठंच नव्हतं.

गेल्या वर्षी रिटायर झालो आणि बेल्ह्याला गेलो. दत्ताची बायको सुनंदा गोठ्यापाशी कडबा तोडत होती. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने कोयता खाली ठेवला.

"गाव म्हंतं, आगाऊपणा केला अन् मेला. मी बी तसंच धरून बसले व्हते. नऊ वरसं."

तिने कोयता पुन्हा उचलला.

"मला सांगून काय व्हनार, भाऊजी? जिथं खोटं बोललात तिथं सांगा."

रेकॉर्ड ऑफिसला तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. म्हणून इथं लिहितो. नायक दत्ता हुकूम मोडून गेला नाही. त्याने विचारलं होतं. जा, असं मी म्हणालो होतो.