बाकावरच्या पोरींचे वार्ताहर

ज्या सामन्याला खुद्द खेळाडूंचे आईवडीलही काहीतरी कारण काढून टांग देतात, त्या सामन्याला हौसेने, वेळेआधी आणि थर्मासमध्ये चहा भरून जाणारा माणूस अख्ख्या कॅनडात एकच आहे, आणि दैवयोगाने तो माझा व्याही आहे. इथे हॉकीवेडे पैशाला पासरी मिळतात. आमच्या व्याह्यांना हॉकीचं काही नाही. त्यांचा जीव मुलींच्या व्हॉलीबॉलमध्ये, आणि तोही कुठला, तर लहान कॉलेजांचा. इकडे युनिव्हर्सिटी वेगळी आणि कॉलेज वेगळं. युनिव्हर्सिटीच्या संघांना निदान कुणीतरी विचारतं. कॉलेजांचे संघ त्यांच्या खाली, आणि त्यांतही अगदी लहान कॉलेजं, जिथली मुलगी सकाळी डेंटल असिस्टंटच्या वर्गाला बसते, दुपारी कॉफीच्या दुकानात शिफ्ट करते आणि संध्याकाळी गुडघ्याला पॅड बांधून खेळायला येते, ती तर पार तळाला. आमचे व्याही या तळाबद्दल ब्लॉग लिहितात. "अहो व्याहीबुवा, एवढे मोठमोठे खेळ सोडून हेच का?" असं मी एकदा विचारलं होतं. वाटलं, तरुणपणीची एखादी हळवी गोष्ट निघेल. ते म्हणाले, "पार्किंग फुकट राहते ना भाऊ. अन् बसायला जागा भेटते."

व्याही मूळचे नागपूरचे. इथून चार तासांवरच्या कनाटाला टेलिकॉममध्ये नोकरी करून रिटायर झाले. आम्ही ठाण्याहून येऊन टोरांटोजवळ व्हिटबीला स्थिरावलो. मुलगी आणि जावई लग्नानंतर वर्षभरातच नोकरीपायी व्हँकूव्हरला गेले, आणि इकडे ओंटारिओत आम्ही चार म्हातारे एकमेकांना उरलो. एरवी व्याही म्हणजे दिवाळीला फोन करायचं आणि लग्नकार्यात जपून बोलायचं माणूस. आमचे व्याही मात्र हिवाळाभर येऊन-जाऊन असतात, कारण त्यांच्याकडच्या एका लहान कॉलेजाचा संघ त्यांचा लाडका, आणि त्याचे निम्मे सामने टोरांटोच्या आसपास होतात. सामना शनिवारी असला की शुक्रवारी दुपारी त्यांची गाडी आमच्या ड्राइव्हवेत. पहिल्या खेपेला माझ्या बायकोने मुलाकडचे आले म्हणून श्रीखंड-पुरीचा घाट घातला. दुसऱ्या खेपेला बासुंदी. तिसऱ्या खेपेला व्याही स्वतःच स्वयंपाकघरात शिरले, डबे उघडून बेसन शोधलं आणि म्हणाले, "ताई, मी मॅचसाठी येऊन राहिलो, सोयरीक जमवायला नाही. ती जमली आपली." आणि त्यांनी झणझणीत पिठलं केलं. बायको आधी रागावली, मग दोनदा वाढून घेतलं.

ब्लॉग इंग्रजीत आहे, पण त्याची ठेवण मात्र थेट लग्नपत्रिकेची. आधी यजमान कॉलेजचे आभार, मग दोन्ही कोच, त्यांचे असिस्टंट, पंच, स्कोअरबोर्डचं बटण दाबणारा, घोटा मुरगळला तर बर्फ लावणारी बाई, मग दोन्ही संघांतल्या सगळ्या मुली. सगळ्या म्हणजे सगळ्या. ज्या खेळल्या त्या, आणि ज्या पूर्ण वेळ बाकावर बसून नुसत्या टाळ्या वाजवत होत्या त्याही, नावानिशी. त्यानंतर चारशे एक नंबरच्या हायवेवर बर्फ कितपत होता, जिममधलं वॉशरूम स्वच्छ होतं की नाही, आणि हे सगळं झालं की अगदी तळाला, छापखान्याचं नाव छापावं तसा निकाल. एकदा कुणीतरी खाली कॉमेंट टाकली होती, "पण जिंकलं कोण?" त्यावर व्याह्यांचं उत्तर: "कृपया शेवटपर्यंत वाचावे." विहीणबाई म्हणतात, "मला मराठी येतं, इंग्रजीही येतं. हे कोणत्या भाषेत लिहितात देव जाणे." पण नावांच्या बाबतीत व्याही गंमत खपवून घेत नाहीत. "नागपूरला माझ्या काकांचं नाव एका पत्रिकेत राहून गेलं होतं," त्यांनी मला सांगितलं. "मांडवात आले नाहीत. मरेपर्यंत त्या घरचं पाणी प्याले नाहीत. अन् लग्नात त्यांना काम काय होतं? काहीच नाही! पण नाव पाहिजे ना, बाप्पा."

सामन्याला मी त्यांच्यासोबत जाऊ लागलो तो निव्वळ भिडेखातर. त्यांची बसायची गादी मी धरायची, थर्मास त्यांनी. टाळ्या ते दोन्ही बाजूंना वाजवायचे. समोरच्या संघाने पॉइंट घेतला तरी कौतुकाने मान डोलवायचे, त्यामुळे दोन्हीकडचे पालक त्यांच्याकडे संशयाने बघायचे. सामना संपला की ब्लॉगसाठी मुलाखत. तिथे लोक डावपेच विचारतात, आमच्या व्याह्यांचा पहिला प्रश्न, "जेवलीस का?" मुलींना याची इतकी सवय झाली होती की घामाघूम पोरगी लांबूनच ओरडायची, "येस अंकल, आय एट!" कुणाला वाईट म्हणून लिहायचं नाही, हा त्यांचा बाणा. संघ दणकून हरला, की लिहिणार, "पाहुण्या मुलींनी लांबचा प्रवास करूनही फार छान खेळ केला." गेल्या हिवाळ्यात त्यांनी दुर्बीण आणायला सुरुवात केली. जिम एवढंसं, पाय लांब केले तर लाइन्समनला लागतील, आणि हे दुर्बीण लावून बसलेले! मी भरपूर हसलो. म्हटलं, "व्याहीबुवा, चंद्रावर मॅच आहे का?" तेही हसले, पण दुर्बीण काही खाली ठेवली नाही.

त्याच हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो. आदल्या संध्याकाळचा वृत्तांत त्यांनी रात्रीच टाकला होता. फोन वाजला म्हणून त्यांनी तो नाकाला टेकेल इतका जवळ धरला, बराच वेळ तसाच धरून ठेवला, आणि बशी बाजूला सारली. हॅना नावाच्या मुलीच्या आईचा ईमेल होता. हॅना त्यांच्या संघातली, कायमची बाकावरची. आईने कॅनडियन रीतीप्रमाणे आधी सॉरी म्हटलं होतं. मग लिहिलं होतं की काल हॅनाही तिथे होती, तुमच्याकडून नाव राहिलं असावं, फार मोठी गोष्ट नाही, पण तिची आजी दर आठवड्याला फक्त तेवढं नाव बघायला ब्लॉग उघडते आणि आज सकाळपासून विचारतेय की पोरगी आजारी आहे का.

"मग घाला की एक ओळ," मी म्हटलं. "ब्लॉग आहे तो. आत्ता दुरुस्त होईल."

"पत्रिकेत नाव राहिलं तर मागाहून पेनाने लिहून देतात का, भाऊ?" व्याही उठले. "घरी जावं लागते."

हॅनाची आई आमच्यापासून अर्ध्या तासावर राहायची. पत्ता मागवून घेतला. आधी जवळच्या इंडियन ग्रोसरीतून त्यांनी नारळ आणला. बायको म्हणाली, एकटा नारळ नेत नाहीत, म्हणून तिने रव्याचे लाडू बांधले, ब्लाउजपीस घेतला आणि तीही निघाली. अशी आमची वरात रविवारी भर दुपारी, उणे पंधरामध्ये, एका अनोळखी घराच्या दारात उभी राहिली. बाईंनी दार उघडलं. हातात शेंडीचा नारळ आल्यावर तो धरायचा कसा हेच त्यांना कळेना. "ओह, यू रिअली शुडन्ट हॅव," त्या म्हणाल्या, आणि ते अगदी मनापासूनचं होतं. मग म्हणाल्या, इट्स फाइन, ती काही खेळली नव्हती, लक्षात राहणार तरी कशी?

"मॅडम, लक्षात होती," व्याही इंग्रजीत म्हणाले. "मी बाकावर प्रत्येकीचा नंबर बघून मग नाव लिहितो. काल तिचा नंबर मला दिसला नाही. मला वाटलं, ती आली नाही. आता मला नंबर दिसत नाहीत. गेल्या वर्षापासून कमी होत होतं. चष्म्याने सुटणारं नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण चूक तुमच्या घरच्या नावाची झाली."

बाईंनी नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी तर थिजलोच. दुर्बीण, नाकाला टेकलेला फोन, सगळं एका झटक्यात कळलं, आणि त्याहून भयंकर म्हणजे हा माणूस दर पंधरा दिवसांनी कनाटाहून व्हिटबीपर्यंत चार तास, मोठमोठ्या ट्रकांच्या मधून, बर्फात गाडी हाकत येत होता! आत्तासुद्धा आम्ही त्यांच्याच गाडीतून आलो होतो. बाहेर आल्यावर मी नुसता घसा साफ करत राहिलो. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला काही बजावायचं, हे माझ्या जिभेला जमेना. ते बायकोला जमलं. तिने त्यांच्यापुढे हात पसरला. "दादा, किल्ली." ते म्हणाले, "ताई, हळू चालवतो मी." ती म्हणाली, "किल्ली द्या, नाहीतर मी इथेच बर्फात बसते." त्यांनी किल्ली दिली. आमच्या गल्लीत वळल्यावर ते म्हणाले, "मुलाला नका सांगू." बायको म्हणाली, "सांगणार," आणि सांगितलं.

मग व्हायचं ते सगळं झालं. मुलाचे फोन, विहीणबाईंचं रडणं, डोळ्यांचे डॉक्टर, आणि शेवटी लायसन्स गेलं. विहीणबाई हायवेवर गाडी घालत नाहीत, आणि लहान कॉलेजं असतात तिथे बस जात नाही. व्याह्यांनी कुणाशी वाद घातला नाही. मला फोन करून एवढंच म्हणाले, "ज्याला दिसत नाही त्याने वृत्तांत लिहू नये. बंद करतो." मी म्हटलं, "अहो, असं काय करता? इंटरनेटवर मॅच दाखवतात की." ते म्हणाले, "तिथे बाक दाखवत नाहीत." शुक्रवार आला तरी ड्राइव्हवे रिकामा दिसायला लागला आणि मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. मला! ज्याला व्हॉलीबॉलमधलं ओ की ठो कळत नाही त्याला. शेवटी मीच फोन केला. सीझनचा शेवटचा सामना आमच्याच बाजूला होता. म्हटलं, "ट्रेनने या. मी स्टेशनवर येतो. तुम्ही माझ्याशेजारी बसा, मी बघून सांगतो, तुम्ही सांगाल ते लिहून घेतो." ते म्हणाले, "तुम्हाला कळते का त्यातलं?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "ठीक आहे. हा शेवटचा."

त्या दिवशी जिममध्ये आमची जी जुगलबंदी झाली ती मॅचपेक्षा रंगली असेल. "सर्व्हिस कोण करून राहिलं?" "ती उंच पोरगी." "भाऊ, सगळ्याच उंच आहेत. नंबर?" "वेणी आड आली हो!" "मग वळेपर्यंत थांबा, घाई काय आहे?" मी पॉइंट सांगायचो तर त्यांना बाक हवा. बाकावर कोण कोण आहे, कोण पाणी पितंय, कोण हिरमुसलेली दिसतेय. पुढच्या रांगेतली एक बाई मागे वळून आमच्याकडे बघायला लागली, तर व्याह्यांनी तिलाही चहा विचारला. आपला संघ हरत होता, तो तर नेहमीच हरतो. तिसरा सेट हातातून गेल्यात जमा होता, तेवढ्यात कोचने बाकाकडे हात केला आणि एक मुलगी घाईघाईने जॅकेट काढायला लागली. चौदा नंबर.

"व्याहीबुवा," मी म्हटलं, "हॅनाला आत घेतायत."

ते ताठ झाले. हॅना सर्व्हिस करायला मागे गेली, चेंडू दोनदा जमिनीवर आपटला, वर उडवला, मारला, आणि तो सरळ नेटमध्ये. झालं. कोचने तिला परत बोलावलं. बाकावरच्या मुलींनी मात्र जग जिंकल्यासारखा गलका केला. व्याह्यांना मी "नेटमध्ये गेला" असं सांगेपर्यंत ते उभेही राहिले होते, आणि दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजवत होते. पण तोंड कुठे, तर भलतीकडे, फायर एक्झिटच्या दाराकडे. लोक बघायला लागले. मी उठलो आणि खांद्याला धरून त्यांना हळूच मुलींच्या बाजूला वळवायला गेलो.

"राहू द्या, भाऊ," ते म्हणाले. "सरळ पाहिलं की मधलं काहीच दिसत नाही. कडेचं दिसते अजून. असं तोंड केलं की दिसते ती."

हॅना बाकाकडे परतत होती. जाता जाता तिने आमच्या दिशेला हात हलवला. हे त्यांना सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्या दाराकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा हात आधीच वर गेला होता. मग ते खाली बसले, गादी सारखी केली आणि म्हणाले, "लिहा. हॅना खेळायला उतरली. पुढच्या सीझनला जास्त खेळवतील." मी लिहून घेतलं. त्यानंतरचा पॉइंट कुणी घेतला म्हणून त्यांनी दोनदा विचारलं, आणि तो मला सांगता आला नाही, कारण माझे डोळे भरून आले होते.