एकेचाळिसावी सळी

कोइमतूरच्या आमच्या मोटर कारखान्यात मरुदाचलम अण्णा सगळ्यांना अहोजाहो करायचे. चहावाल्याला, फोरमनला, अगदी मोटरीच्या आत फिरणाऱ्या रोटरलासुद्धा. रोटरमध्ये तांब्याच्या सळ्या बसवून, टोकांच्या कड्यांना डाख देऊन झाला की छोट्या हातोडीने एकेक सळी ठोकत म्हणायचे, "बोला!" घट्ट बसलेली सळी खणखणीत बोलते, नीट न बसलेली घोगरं. मी शेजारच्या लेथवर. छत्तीस वर्षं त्यांच्या या आदबीची टर उडवण्यात माझी हयात गेली.

मग दगड फोडायच्या क्रशरसाठी बारा मोठ्या मोटरींचं काम आलं. नवी इंजिनिअर कयल म्हणाली, "अण्णा, ॲल्युमिनियम ओतूनच रोटर करू. झटपट होतील."

"अम्मिणी," अण्णा म्हणाले. आमच्याकडे लेकीसारख्या मुलीला असंच म्हणतात. "दगड अडकला की मोटर बंद, पुन्हा चालू. दिवसातून दहादा रोटर तापणार, फुगणार. तांबंच सोसेल ते."

"बरं, एक करून दाखवा. मग ठरवते."

ॲल्युमिनियम ठरलं असतं तर अण्णांचं खातंच बंद होणार होतं. त्यांनी जीव ओतून रोटर केला. चाचणीत तो पास झाला. कयल सही करणार, तेवढ्यात अण्णांनी सवयीने हातोडी घेतली. अठ्ठावन्न सळ्या. एकेचाळिसावी घोगरं बोलली. मला ते ऐकू आलं. मी डोळ्यांनीच खुणावलं, गप्प बसा. सांगायला लाज वाटते.

"सही थांबवा, अम्मिणी. ही सळी कच्ची आहे. डाख आत पोचला नाही. चूक माझी."

कयलचं तोंड उतरलं. "म्हणजे सगळा रोटर भंगारात?"

"का हो? एक सळी काढायची, दुसरी घालायची."

"आणि ओतलेल्या रोटरमध्ये अशी खोट निघाली असती तर?"

"तो एकसंध. तर मात्र सगळाच भंगारात."

कयलने वाकून त्या सळीवर खडूने खूण केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी सळी बसली. कयलने हातोडी मागून घेतली आणि दबकत ठोकली.

"जोरात ठोका," अण्णा म्हणाले. "आणि विचारा त्यांना."

माझ्याकडे चोरून बघत ती लाजत म्हणाली, "बोला!"

खण्ण!

या वेळी मला थट्टा सुचली नाही. कयलने कागदावर 'तांबं' लिहिलं, सही ठोकली आणि हातोडी परत देत म्हणाली, "घ्या अण्णा. अजून अकरा रोटर बोलायचे आहेत."