श्रीपादची बोट

श्रीपाद गेल्याचं मीनलवहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मला आधी त्याची बोट आठवली. माणूस राहिला बाजूला, बोट... पण त्याला ओळखणाऱ्या कुणाचंही हेच झालं असतं.

तो मूळचा पुण्याचा, मेकॅनिकल इंजिनिअर, बर्लिनमध्ये माझ्याच ऑफिसात. इतरांनी गाड्या घेतल्या, यानं कालव्यातली जुनी पोलादी मालबोट घेतली. विकतचं दुखणंच ते! फिनो कालव्याच्या लॉकमध्ये, म्हणजे पाणी कमीजास्त करून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या कप्प्यात, जेमतेम मावेल अशा मापाच्या बोटींपैकी ती एक. या बोटी आधी लाकडाच्या होत्या, मग पोलादाच्या झाल्या, पुढे त्यांना इंजिनं बसली. "अरे, हे आख्खं बर्लिन यांनी आणलेल्या विटांवर उभंय," हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मोठे कालवे झाल्यावर कित्येक बोटी मधोमध कापून, तुकडा जोडून लांब केल्या. कित्येक भंगारात गेल्या. श्रीपादची मात्र मूळ मापाचीच राहिली होती आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

तिच्यावर चढताना फळीपाशी चपला काढायच्या, हा त्याचा नियम. ऐन डिसेंबरातसुद्धा. शेजारच्या बोटीवरचा म्हातारा युर्गन आधी हसायचा, नंतर तोही मुकाट्यानं बूट काढायला लागला.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीत श्रीपादनं माझा हात धरला. "तिला कापू देऊ नकोस."

"जा, जा, कोण कापतंय," मी म्हणालो.

पण तळाचा पत्रा पार झिजला होता. तपासणीत बोट नापास झाली आणि दाखला नाही म्हणून धक्क्यावरची जागाही गेली. म्युझियमकडे अशी बोट आधीच होती. दुरुस्तीवाल्यांनी हात वर केले. मी महिनाभर वणवण केली आणि शेवटी हात टेकले. फार राग येत होता, पण काढणार कुणावर?

"भाऊजी, केलंत तेवढं पुरे," वहिनी म्हणाल्या. त्यांची मुलगी ईरा खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, "लास एस, ओंकेल." सोडून दे, काका.

परवा बोट तोडायला नेली. यार्डात मी सवयीनं फळीपाशी बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर त्या गार पोलादावर उभा राहिलो. आतल्या दाराशी श्रीपादच्या घरातल्या सपाता तशाच होत्या... जोडीनं ठेवलेल्या. गॅसकटर घेतलेला माणूस माझ्या पायांकडे बघून म्हणाला, इथे ठिणग्या उडतील, बूट घाला.

मी घातले.