चौघांची वाइन टूर

आमच्या ग्रुपचे किस्से दह्याच्या रिकाम्या डब्यांसारखे साठतात. फेकायला हात धजत नाही, एकात एक घालून ठेवायचे, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर कोसळतात. परवा एका पार्टीत कोणीतरी जर्मन वाइनची बाटली काढली आणि माझं कपाट उघडलं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. तेव्हा आम्ही ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहायचो. ग्रुप म्हणजे चार पुरुष आणि त्यांच्या बायका, असं पुरुष म्हणायचे. माझा नवरा सुधाकर, विनायक आणि अरविंद हे तिघं तेलकंपन्यांतले इंजिनियर. चौथे नागपूरचे डॉक्टर, भूल देणारे. बायकांमधली माझी खास मैत्रीण कुमुद, म्हणजे विनायकची बायको. दर शनिवारी कोणाच्या तरी घरी जमायचं. पुरुषांनी कार्पेटवर बसून जग चालवायचं आणि आम्ही भजी तळायची!

*

डॉक्टर एका कॉन्फरन्सला जर्मनीला जाऊन आले आणि त्यांनी आम्हाला स्लाइड शो दाखवला. भूल देणं हा त्यांचा धंदाच, त्यामुळे अर्ध्या तासात निम्मा हॉल झोपला होता. मग एकदम मोझेल नदी आली. दोन्ही काठांवर उभे चढ, आणि चढांवर नुसते द्राक्षांचे मळे. पुरुष खडबडून जागे झाले.

"पुढच्या वर्षी तोडणीच्या वेळी आपण चौघांनी जायचं. गावोगावी वाइन टेस्टिंग!" डॉक्टरांनी जाहीर केलं.

"चौघांनी म्हणजे?" मी विचारलं.

"वहिनी, तुम्ही बायका पीत नाही ना! उगाच बोअर व्हाल."

आम्हाला पिता का म्हणून कोणी कधी विचारलं होतं, ते मला आठवत नाही.

स्लाइडमध्ये एका घरावर पाटी होती. कुमुद मागून सहज म्हणाली, "यंदाची नवी वाइन आली आहे, आत या, असं लिहिलंय." सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. विनायकनं मांडीवर थाप मारली. "अरे हो! हिचं जर्मन झालंय ना पुण्याला. चला यार, इंटरप्रिटर घरातच निघाला!"

*

त्या रात्री भांडी विसळताना कुमुद माझ्याशी बोलली. कॉलेजात असताना ती जर्मन शिकली, वर्गात पहिली आली. तिकडे जाऊन पुढचं शिकायची संधी आली, आणि त्याच महिन्यात अमेरिकेतलं स्थळ आलं. मुलाला सुट्टी कमी होती. घरच्यांचं म्हणणं पडलं, हातची अमेरिका सोडून जर्मनीला कोण जातं?

"शैला, एकदा त्या नदीकाठी उभं राहून कोणाशी तरी गप्पा मारायच्यात गं," ती म्हणाली. "इतकी वर्षं ती भाषा मी एकटीच मनातल्या मनात बोलतेय."

"मग विनायकरावांना सांग की!"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"हसले."

*

मग प्रॅक्टिस सुरू झाली. डॉक्टरांनी वाइनवरचं एक पुस्तक आणलं होतं. ग्लास फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात खेळवायचा आणि थुंकून टाकायचा. तोपर्यंत आमच्या मंडळींनी स्कॉचशिवाय काही प्यायलेलं नव्हतं. सुधाकरनं वाइनमध्ये बर्फ घातला. विनायकनं बरोबर चिवडा घेतला आणि तळलेल्या शेंगदाण्याचा स्वाद वाइनचा म्हणून सांगितला.

थुंकायचं म्हटल्यावर मात्र अरविंद भडकला. "थुंकायला इतक्या लांब कशाला जायचं? त्यासाठी पुणं काय वाईट होतं?"

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मीही हसले. सगळे पांगल्यावर स्वयंपाकघरात आले तर कळलं, थुंकायला त्यांनी माझं खिरीचं पातेलं घेतलं होतं! ते घासलं कोणी, हे सांगायला नको.

*

खरी मजा तारखा ठरवताना आली. द्राक्षांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. डॉक्टरांनी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढून आणलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला श्रावण, तेव्हा पिणं बंद. आठवडाभर ऑफिसच्या कँटीनमध्ये बीफबर्गर खाणारे हे इंजिनियर, पण श्रावण म्हणजे श्रावण! मग गणपती, आणि ते डॉक्टरांच्याच घरी. मग पितृपक्ष.

"पितृपक्ष चालेल," अरविंद म्हणाला. "पितर काय जर्मनीपर्यंत येतात?"

पण नेमकी तेव्हा सुधाकरला रजा नव्हती. उरलं नवरात्र. विनायककडे घट बसतात, नऊ दिवस अखंड दिवा. मला वाटलं, फिसकटली टूर.

विनायक म्हणाला, "त्यात काय एवढं? घट कुमुद बसवेल, उपासही तीच धरेल. घरात एकानं पाळलं की झालं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हिंदू धर्म किती लवचिक आहे, यावर डॉक्टर दहा मिनिटं बोलले. कुमुद चहा गाळत होती. तिनं गाळणं बशीवर जरा जोरात आपटलं.

*

बुकिंगचा फोन कुमुदनंच केला. एका खेड्यात मळेवाल्या बाईचं छोटं गेस्ट हाउस होतं. विनायक शेजारी घड्याळ धरून उभा. लाँग डिस्टन्स कॉल ना! "पॉइंटवर ये, पॉइंटवर ये," असं सारखं चाललेलं. बुकिंग झालं. डॉक्टर शाकाहारी, त्यांच्यासाठी तिकडचा खारा कांद्याचा केक मिळेल पण त्यात डुकराचे तुकडे असतात, ते वगळायला सांगितलं, हेही झालं.

शेवटी कुमुदनं थांबून काहीतरी हळू आवाजात सांगितलं आणि फोन ठेवला.

"शेवटी काय म्हणाली ती?" मी नंतर विचारलं.

"तुम्ही खूप छान बोलता, म्हणाली. तुम्ही पण येणार ना, विचारत होती."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मी फक्त फोनवरची बाई आहे."

*

माझी मुलगी मीनल तेव्हा नववीत होती. एका शनिवारी ती फ्रिजमधून ज्यूस काढत होती आणि कार्पेटवर चौघं नकाशा पसरून बसले होते. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "डॅड, व्हाय इज कुमुद मावशी नॉट गोइंग? शी इज द ओन्ली वन हू कॅन टॉक टू देम!"

"डोन्ट यू हॅव होमवर्क?" सुधाकर म्हणाला.

"इट्स सॅटरडे, डॅड."

*

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तेलाचे भाव कोसळले ते कोसळलेच. आधी अरविंदची नोकरी गेली. तरी तो शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि आम्ही कोणी विषय काढायचो नाही. ज्यांच्या नोकऱ्या शाबूत होत्या ते त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलायचे. निर्धास्त होते ते एकटे डॉक्टर. तेल पडलं तरी माणसं आजारी पडतातच!

एका शुक्रवारी सुधाकर दुपारीच घरी आला. हातात वाइनचा मोठा खोका. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, उद्याच्या प्रॅक्टिसची तयारी दिसते. मी कपाटातून ग्लास काढले, पुसून टेबलावर मांडले.

त्यानं खोका उघडला. आत त्याचा कॉफीचा मग, कॅल्क्युलेटर आणि मीनलचा फोटो. ऑफिसनं सामान भरायला दुकानातून मागवलेले रिकामे खोके वाटले होते.

आम्ही दोघं त्या ग्लासांकडे बघत बसलो. सोळा वर्षं मर मर काम केलं त्यानं तिथे. मला रडायला आलं नाही, संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

*

टूर रद्द झाली. तसं स्पष्ट कोणी बोललं नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, "इस साल रहने देते हैं, यार." विनायकची नोकरी होती, पण अशा वेळी रजा मागायची त्याची छाती नव्हती. ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी सगळे आमच्याकडे होते. बाहेर उकाड्यानं जीव नकोसा झालेला. कुमुद माझ्या ओट्याशी पुऱ्या तळत होती.

"कुमुद, त्या बाईला फोन करून कॅन्सल करून टाक गं," विनायक हॉलमधून ओरडला. "आणि थोडक्यात आटप!"

कुमुदनं झारा माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवरून नंबर फिरवला. बोलायला लागली. पहिल्यांदा हळू, मग भरभर. मग ती हसली. इतक्या वर्षांत मी तिला तशी हसताना बघितलं नव्हतं. मध्येच तिनं काहीतरी विचारलं, तिकडून लांबलचक उत्तर आलं, आणि ती "या, या", म्हणजे जर्मनमधलं हो हो, म्हणत भिंतीला टेकून उभी राहिली. विनायक दारात येऊन घड्याळावर बोट आपटत होता. तिनं त्याच्याकडे पाठ केली आणि आणखी बोलली. मागून तिघं आले. माझ्या कढईतली पुरी करपली, तरी मी तशीच उभी.

अखेर तिनं फोन ठेवला.

"एवढं काय बोलत होतीस?" विनायक म्हणाला. "कॅन्सल झालं ना?"

"तुमच्या चौघांचं झालं," कुमुद म्हणाली. तिनं पदराला हात पुसले आणि एक हात त्याच्यापुढे केला. "अहो, लॉकरची किल्ली द्या. माझा पासपोर्ट त्यात आहे ना?"